मावशीला कसा माणूस आवडतो

मावशी — ब्रेक! ब्रेक, डॉक्टर, ब्रेक! राहू द्या, मारला मीच माझ्या बाजूचा.

डॉक्टर — अगं, तू कशाला मध्ये पाय घालतेस? दिसत होता मला तो टेम्पो!

मावशी — काय म्हणालात?

डॉक्टर — नाही, म्हणजे... दिसत होता. चांगला दिसत होता.

मी — मलासुद्धा दिसला, मावशी! मागच्या सीटवरून! केवढा होता, आणि वर कपाट बांधलेलं!

मावशी — टकळे, गप्प. डॉक्टर, गाडी बाजूला घ्या. आधी इंडिकेटर. तो वायपर आहे.

डॉक्टर — माहितेय. काच पुसत होतो.

मावशी — एवढ्या रखरखीत उन्हात?

डॉक्टर — गॉगलमुळे जरा अंधारून आल्यासारखं वाटलं.

मावशी — गाडी शिकताना आजवर कधी गॉगल घातला नाहीत तुम्ही. आणि दुसरा हात कुठाय? खिडकीबाहेर? आत घ्या तो. हॉर्न का दाबताय? समोर भिंत आहे, डॉक्टर. ती हलणार नाही.

डॉक्टर — हॉर्न दिला की जरा वचक राहतो.

मावशी — भिंतीवर?

मी — हीहीही!

मावशी — मागून खिंकाळू नकोस. सगळ्या काचा खाली कर आधी. हा वास कसला येतोय? बाटली सांडली का कुणाची?

डॉक्टर — सेंट आहे. माझा. अगं मॅडम, पुरुषाने जरा... घमघमायला हवं.

मावशी — अगं मॅडम? एक काय ते ठरवा, डॉक्टर. इतके दिवस मी 'मॅडम' होते, आज सकाळपासून 'अगं' झालेय. काल रात्रीत काय घडलं?

डॉक्टर — बायकांना फार मॅडम-मॅडम केलं की त्या डोक्यावर बसतात. असं... म्हणतात.

मावशी — कोण म्हणतं?

डॉक्टर — लोक.

मी — लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात!

मावशी — बरं. माझा घसा कोरडा पडलाय. समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन येता?

डॉक्टर — मी कशाला? ही पोरगी बसलीये ना रिकामी. नको, नको, रस्त्याला गर्दी आहे, मीच जातो. टकळी, तुला काय आणू? चिकट काही मागू नकोस हं. दातांच्या तारा आता कुठे काढल्यात मी तुझ्या.

मी — मला काही नको तुमच्याकडून.

(डॉक्टर रस्ता ओलांडून दुकानात शिरतात. गाडीत दोघीच.)

मी — हुश्श! आता जरा श्वास घेता येतोय. बघितलंस ना, मावशी? शिकायला आले तेव्हा कसे मांजरासारखे होते! आणि आता बघ, डरकाळ्या.

मावशी — तू एवढी खूश का आहेस?

मी — मी? छे! मी नेहमीच खूश असते. तारा निघाल्यापासून तर जास्तच. तोंड मिटवतच नाही मुळी. वर्गात बाई म्हणाल्या, एवढं हसायला काय झालं? म्हटलं, बाई, एवढे दिवस कुलूप होतं!

मावशी — विषय बदलू नकोस.

मी — नाही बदलत. परवा मधल्या सुट्टीत आमच्यात तोच विषय निघाला होता, आदर्श पुरुष! माझ्या शेजारणीला उंच हवा, ट्यूबलाइट बदलताना स्टूल लागता कामा नये. मागच्या बाकावरचीला खळी पडणारा हवा. एकाच गालाला पडली तरी चालेल म्हणाली, मनाची मोठी आहे. आणि आमच्या मॉनिटरला असा हवा, की चिडला तरी सुंदर दिसेल. मी म्हटलं, बाई गं, चिडलेला माणूस भिंतीवर चिकटवायला बरा, स्वयंपाकघरात नको!

मावशी — हे वाक्य माझं आहे.

मी — तुझं आहे म्हणून तर टाळ्या पडल्या. तुझी सगळी वाक्यं मी वर्गात खपवते. सगळ्या विचारतात, तुझी मावशी एकदा शाळेत येईल का?

मावशी — मी आज यांना हो म्हणणार होते.

मी — माहितेय.

मावशी — तुला कसं माहीत? मी फक्त ताईला सांगितलं होतं.

मी — स्वयंपाकघरात कुजबुजत होतात दोघी. भिंतींना कान असतात म्हणतात, मी तर चांगली हातापायाची भाची आहे.

मावशी — मागच्या रविवारी लग्नाचं विचारलं त्यांनी. म्हणाले, घाई नाही, पुढच्या शिकवणीला सांगा. आज ती शिकवणी.

मी — मग आता?

मावशी — आता काय? पाणी पिते आणि नाही म्हणून सांगते.

मी — हो! सांगून टाक! आणि मग आपण घरी जाऊन तुझा पलंग खिडकीशी सरकवू. तू म्हणत होतीस ना? मी माझा सरकवते भिंतीकडे, मला चालेल. आणि संध्याकाळी रिकाम्या मैदानात गाडी नेऊ, मी स्टिअरिंग धरीन, तू पायाचं बघ. मावशी? अगं, काय झालं?

मावशी — काही नाही. त्या सेंटने डोळे चुरचुरतायत.

मी — काचा तर सगळ्या उघड्या आहेत.

मावशी — इतकी वर्षं या सीटवर बसून माणसं पारखली मी. कुणाचा हात कशाने थरथरतो, कोण चुकल्यावर रस्त्याला शिव्या देतो, कोण घाबरलं तरी कबूल करत नाही. मला वाटायचं, आपल्याला दुसरं काही येत नसेल, माणूस तेवढा ओळखता येतो. आणि ज्याच्या बाबतीत ओळखायला हवं, तिथेच सपशेल चुकले. तो मघाशी खेकसला ना माझ्यावर, तेव्हा त्याचा नाही, माझा राग आला मला. उद्या नवीन मुलगी शिकायला येईल, तिला कोणत्या तोंडाने सांगू, माझ्यावर विश्वास ठेव म्हणून?

मी — असं नको बोलूस.

मावशी — मग कसं बोलू? ताई म्हणत होती, नीट बघ, या वयात घाईने उडी मारू नकोस. मी म्हटलं, मी बघितलंय. काय बघितलं, डोंबल?

मी — तू चुकली नाहीस, मावशी.

मावशी — तुला काय कळतंय त्यातलं?

मी — कळतंय. कारण मीच सांगितलं त्यांना.

मावशी — काय?

मी — ते... सगळं. तारा काढायला गेले होते ना, तेव्हा. मला खुर्चीत आडवं केलेलं, तोंडात हा एवढा कापूस, आणि हे माझे दात बघत बघत म्हणतात, तुझ्या मावशींना कसा माणूस आवडतो, तुला काही अंदाज आहे का? कान लालेलाल झाले होते त्यांचे. मला बोलता येत नव्हतं. कापूस निघेपर्यंत माझं सगळं रचून झालं होतं.

मावशी — काय काय रचलंस?

मी — गॉगल. सेंट. मावशीला घमघमाट आवडतो, म्हटलं. आणि अगं-तुगं करणारा. एका हाताने गाडी चालवणारा, ऐटीत. हॉर्न माझ्या लक्षात नव्हता, तो मागाहून सुचला, दारातून परत जाऊन सांगितला.

मावशी — आणि?

मी — झालं एवढंच.

मावशी — टकळे.

मी — आणि तू ब्रेक मारलास की खेकसणारा.

मावशी — हेही सांगितलंस.

मी — हो.

मावशी — माझे केस विंचरत होतीस, तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं? बोल. पाठ असेल तुला.

मी — नको ना.

मावशी — बोल.

मी — की इतके पुरुष शिकवले, पण आपण ब्रेक मारला की सगळे असे बघतात, जणू त्यांच्या ताटातला घास उचलला. हा एकच निघाला. पहिल्याच दिवशी कुत्रं आडवं आलं, तू ब्रेक मारलास, तर म्हणाले, बरं झालं मारलात, मी घाबरलो होतो. आणि तू म्हणालीस, मला आयुष्यात एवढंच हवं होतं.

मावशी — म्हणजे घाव कुठे घालायचा, ते तुला नेमकं ठाऊक होतं.

मी — मग दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आईला? आई ड्यूटीवरून येते आणि झोपते. तुझं सगळं मलाच ठाऊक असतं! तुला कुठली उशी लागते, तू कशाला हसतेस, कशाला नुसतं हसल्यासारखं करतेस. आणि आता अर्ध्या गोष्टी तू त्यांना आधी सांगतेस. मी शाळेतलं काहीतरी भारी सांगत असते, तुझा फोन वाजतो आणि तुझा चेहरा... आरशात बघ एकदा. माझं बक्षीस सांगितलं तेव्हासुद्धा तसा नव्हता झाला! मला इथे जळतं, मावशी, छातीत. आईने पित्ताची गोळी दिली, तरी जातच नाही.

मावशी — ते पित्त नव्हे.

मी — मला माहितेय काय आहे ते. मी काय बाळ आहे?

मावशी — नाहीस. बाळाला हे सुचलं नसतं. कापसाचा बोळा गिळून खोकलं असतं ते फार तर. तू माझ्याच गाडीत बसून माझीच गाडी खड्ड्यात घातलीस, आणि मागे बसून हसत होतीस.

मी — हसत होते तेव्हा मजा येत होती. तू रडलीस आणि सगळी मजा गेली. मला वाटलं होतं, ते वाईट ठरतील. तू स्वतःला वाईट ठरवशील, हे कुठे माहीत होतं?

मावशी — डोळे पूस. येतायत ते. आता त्यांनाही तूच सांगायचं.

मी — मी? तू सांग ना! तुला जमतं.

मावशी — मला खूप जमतं. हे तुझं आहे.

डॉक्टर — हे घे... घ्या... घे पाणी. दुकानदाराकडे एकच थंड होती. टकळी, तुला साधी आणलीये. दात आता हुळहुळे असतील तुझे.

मावशी — गॉगल काढा, डॉक्टर.

डॉक्टर — का? आवडला नाही?

मावशी — तुम्ही दिसत नाही त्यात.

मी — डॉक्टर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मावशीला यातलं काहीच आवडत नाही.

डॉक्टर — काहीच म्हणजे? सेंट?

मी — सेंटने तिचं डोकं उठतं.

डॉक्टर — अगं-तुगं?

मी — नाही.

डॉक्टर — हॉर्नसुद्धा नाही?

मी — हॉर्न तर अजिबातच नाही. मी मुद्दाम सांगितलं. तुम्ही तिला आवडू नये म्हणून.

डॉक्टर — अरे देवा. सकाळपासून मला त्या वासाने शिंका येतायत. आरशासमोर उभं राहून 'अगं' म्हणायचा सराव केला. जीभच वळेना.

मावशी — मला नका हसवू, मी चिडलेय. तुमच्यावरही. माझ्यावर खेकसताना काही वाटलं नाही तुम्हाला?

डॉक्टर — वाटलं ना. मनात म्हटलं, यांना खरंच हे आवडत असेल, तर मी यांना ओळखलंच नाही.

मावशी — मग विचारायचं होतं मला! शाळेत जाणाऱ्या पोरीला कसलं विचारता, तेही तिच्या तोंडात कापूस कोंबून?

डॉक्टर — भीती वाटली. दात काढताना पेशंट ओरडला, तर पुढे काय करायचं ते मला येतं. तुम्ही नाही म्हणालात, तर पुढे काय करायचं ते येत नव्हतं.

मी — तुम्ही ओरडा माझ्यावर. चालेल मला.

डॉक्टर — राग आलाय खरा. पण एक सांग. तू जे सांगितलंस, त्याच्या बरोब्बर उलटं केलं, की तुझ्या मावशींना आवडतं तेच, होय ना?

मी — हो.

डॉक्टर — म्हणजे तुला सगळं माहीत आहे.

मी — सगळ्या जगापेक्षा जास्त.

डॉक्टर — मग माणूस मी योग्यच निवडला होता विचारायला. दिवस चुकला.

मावशी — टकळे, आता का तोंड मिटलंस?

मी — काही नाही. यांच्यावर नीट चिडतासुद्धा येत नाही.

मावशी — चला, डॉक्टर. गाडी सुरू करा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आरसा बघा.

मी — थांबा, थांबा! मी इथेच उतरते.

मावशी — रुसलीस?

मी — रुसले असते तर दार आपटलं असतं. घर काय, त्या वळणावर तर आहे. त्यांना तुला परत विचारायचं असेल आणि तुला सांगायचं असेल. मी बसले तर मी मध्ये बोलेन. मला माझा भरवसा नाही.

डॉक्टर — आभारी आहे.

मी — आभार नकोत! तुम्ही मला अजून आवडत नाही.

डॉक्टर — चालेल.

मी — जरासुद्धा नाही.

डॉक्टर — वेळ आहे माझ्याकडे.

मावशी — रस्त्याच्या कडेने जा. आणि ताईला सांग, आम्ही... मी येतेच.

मी — ऐकलं मी ते 'आम्ही'.

मावशी — टकळे...

मी — सांगते आईला. चार ताटं घे म्हणून. फक्त आजच्यापुरती हं.