उपरण्याखालचा सौदा

आमच्या आप्पांचं आयुष्य मुखेडच्या बैलबाजारात गेलं. तिथं भाव तोंडानं नाही, उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. माझ्याकडं ग्वाटेमालाला आले आन् चौथ्या दिवशी म्हणाले, "इथं बोलायला मानूस न्हाई. मला गावी धाड."

म्हणून त्यांना विणकरांच्या बाजारात नेलं. आईसाठी त्यांनी एक शाल उचलली. मी भाव विचारणार, तेवढ्यात आप्पांनी म्हाताऱ्या दुकानदाराच्या हातावर उपरणं टाकलं आन् बोटं दाबली! मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं. तो दचकला, मग हसत त्यानंही दाबली. बराच वेळ चाललं, शेवटी दोघांनी माना डोलावल्या.

"आप्पा, कितीला ठरली?"

"सांगायचं असतं तर उपरणं कशाला टाकलं असतं? उद्या परत येऊ. लई बोलका मानूस हाय."