पडद्यावरचे किलोमीटर

— नाही, नाही, टायरला लाथ मारून काय कळणार आहे तुम्हाला? सॉरी, तुमच्यावर ओरडले नाही, दचकले. पण येणारा प्रत्येक जण हेच करतो — टायरला लाथ, मग बॉनेट उघडून आत इंजिन शोधणार, मग दार आपटून बघणार. इंजिन नाहीये हो त्यात. विजेची गाडी घ्यायला आलात ना? मग बॅटरीचं विचारा. तेवढं सोडून सगळं विचारतात लोक. सीट कव्हर धुता येतं का. येतं. पुढे?

म्हणजे आता मीच सांगायचं, विकणारीनं? — बरं. खाली वाकून बघा, तळाशी बॅटरीला कुठे ठोकर बसलीय का. बसलेली नाही, पण बघायचं असतं. चार्जिंगला लावून बघायचं — दादानं, माझ्या मोठ्या भावानं, ती शंभर टक्के भरूनच ठेवलीय, कुणी लावायला मागू नये म्हणून — हे मी बोलले नाही. आणि वर्कशॉपमधून बॅटरी तपासून घ्यायची, तिच्यात किती दम उरलाय ते. मागितलंत? नाही. पडद्यावर अजून किती किलोमीटर जाईल ते बघितलंत आणि खूश झालात. अहो, तो अंदाज असतो. हल्ली गाडी कशी चालवलीय त्यावरून गाडीच बांधते तो. हळू चालवली की आकडा फुगतो. आज सकाळी कॉलनीत एसी बंद करून सायकलच्या वेगानं कोण फिरत होतं? मीच. मागून दूधवाला हॉर्न देतोय, दर हॉर्नला मी दचकतेय, आणि दादा गॅलरीतून हातानं खूण करतोय — अजून हळू.

असं बघू नका माझ्याकडे. गाडी मुळात वाईट नाहीये, आमच्या आईनं तिची वाट लावली. आईला घरात काही रिकामं राहिलेलं चालत नाही — पिंप, डबे, साखरेची बरणी, सगळं काठोकाठ. तसंच गाडीचं. कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली तरी लाव चार्जिंगला, शंभर कर, मग राहू दे तशीच उन्हात. मी सांगून थकले, ऐंशीवर थांबव, सारखी ठासून भरली की बॅटरीचा दम जातो, तर म्हणते, अर्धपोटी कुणाला झोपवायचं नाही.

मला ही विकायचीच आहे हो. सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय, दुसऱ्या गावात, आणि दादा म्हणतो, गाडी गेली की तुला तिथे खोली घेऊन देतो. तू फक्त चावी दे, तोंड उघडू नकोस, म्हणाला. मी उघडणारही नव्हते. पण तुम्ही मघाशी सांगितलंत ना — बायको नर्स आहे, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात, एकटी जाणार-येणार, वाटेत चार्जिंग कुठेच नाही. कशाला सांगितलंत? मी विचारलं होतं का, गाडी कोण चालवणार म्हणून? — पोचेल. जाताना पोचेल. येताना, त्या चढावर, एसी लावला तर — नाही पोचणार. कळलं?

काय म्हणालात? — मग किंमत कमी करा? मी इतका वेळ काय सांगतेय, आणि तुम्ही — तुमच्या बायकोला विचारा, रस्त्यात बंद पडल्यावर स्वस्त पडलेली गाडी ढकलता येते का ते.

थांबा. जिन्यात चपला वाजतायत. आता काही विचारू नका मला. चावी द्या इकडे.

— हो दादा, बघून झालं. नको म्हणतायत ते.