पन्हाळ्यामागं गेलेला शुक्र

तुम्ही हसाल, पण मागं आमच्या अख्ख्या वर्गावर कॉपीचा आळ आलता आणि त्याला कारण होता पन्हाळा.

वारणानगरला मी शिकवतो त्या कॉलेजात खगोलशास्त्राचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर चालतं. त्या सॉफ्टवेअरमधलं क्षितिज म्हणजे कुठल्यातरी परदेशातलं सपाट गवत. पोरांना ते आभाळ आपलं वाटेना. म्हणून मी गच्चीवरून चारी बाजूंचे फोटो काढले आणि गवताच्या जागी बसवले. पोरं खूश.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रश्न होता, आज शुक्र किती वाजता मावळेल? पोरांनी पडद्यावरचं घड्याळ शुक्र दिसेनासा होईतो पुढं सरकवलं आणि वेळ लिहिली. सगळ्यांचं उत्तर एकच, आणि परीक्षकांनी आपल्या कॉलेजातून काढून आणलेल्या उत्तरापेक्षा आठ मिनिटं आधीचं.

"सगळ्यांची चूक सारखीच? कॉपी आहे ही सरळसरळ," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात वर्गातली सुजाता उभी राहिली. "कॉपी न्हाय सर. तुमचा शुक्र सपाटीवर मावळतोय, आमचा आधीच पन्हाळ्यामागं जातोय. डोंगर काय बाजूला हुतोय व्हय?"

संध्याकाळी परीक्षकांना गच्चीवर नेलं, मागनं सगळा वर्ग. शुक्र गडाच्या कडेला टेकला आणि पोरांनी लिहिलेल्या वेळेलाच दिसेनासा झाला. "गेला, गेला," म्हणत पहिली टाळी परीक्षकांनीच वाजवली.

सगळ्यांना पैकीच्या पैकी. जिना उतरताना ते मला म्हणाले, "सर, हे सॉफ्टवेअर आमच्या कॉलेजलाही द्या."

मी तोंड उघडायच्या आत मागनं सुजाता म्हणाली, "घेऊन जावा की सर. डोंगर तेवढा तुमच्याकडचा बसवा, पन्हाळा काय मिळायचा न्हाय."