नागपूर की भोपाळ

नव्या राज्यांची वाटणी व्हायची होती, त्या छप्पन सालातली गोष्ट. गाव भोपाळच्या वाट्याला जाणार होतं, आणि नागपूर हवं की भोपाळ, ते सरकारी कारकुनांनी लिहून द्यायचं होतं. गावातल्या राजघाटाच्या रस्त्यावरच्या कॉफीच्या हॉटेलात श्रीकांत मास्तर नेहमीसारखे पेपर तपासत बसले होते. शेजारच्या टेबलावर एक कारकून आणि त्याची बायको येऊन बसली. कॉफी आली.

“मालती, मी अर्जीत नागपूर लिहून दिलं.”

“कॉफी छान आहे हो इथली.”

“मी काय म्हणतोय?”

“नागपूर. ऐकलं मी. कधी निघताय?”

“आपण दोघं निघायचंय.”

“मी कशी येऊ? माझ्या शाळेच्या मुली पहिल्यांदाच मॅट्रिकला बसताहेत.”

“शाळा तिकडंही आहेत.”

“असतील. पण या मुली इथल्या आहेत.”

“मग मी तिथं एकटा राहू?”

“तिथं सासूबाई आहेत की. डबा करून देतील.”

“आईचा डबा?”

“तुम्हीच तर म्हणता, आईच्या हाताची चव कोणाला नाही.”

मास्तरांची लाल पेन्सिल थांबली.

“मालती, अर्जी वापस मागता येते काय?”

“विचारून बघा. साडेदहाला ऑफिस उघडेल.”

“मग निघतो.”

“कॉफी तर पिऊन जा.”

तो कॉफी तशीच टाकून गेला. मालतीनं आपला कप उचलला. तो अजून काठोकाठ भरलेला होता; छान म्हटलेल्या कॉफीचा तिनं घोटही घेतला नव्हता.