आजोबांनी राखलेली बाग

आमच्या आजोबांना नाद दोनच, पेटीवर गायचा आन् कुणाच्याही मदतीला धावायचा. आवाजाचं मात्र विचारू नका. आम्ही तेव्हा ओझरजवळ राहायचो. शेजारच्या केरूचा पाय मोडला, आन् नेमकी त्याची द्राक्षं पिकलेली. पाखरं हाकलायला माणूस नाय, सगळं पीक जायची पाळी. आजोबा म्हणाले, "केरू, तू निजून राहा, मी हाय ना!"

पेटी घेऊन बागेत बसले आन् दिवसभर गायले. संध्याकाळी केरू हात जोडून म्हणाला, "बाबा, एक पाखरू फिरकलं नाय. उद्याबी या!"

आजोबा छाती फुगवून घरी आले. आजीला म्हणाले, "बघ, पहिल्यांदाच कुणी परत गायला बोलावलं!"

आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "पाखरांना पंख हायेत, गेली उडून. आम्ही कुठं जायचं?"