दोन कार्डं, एक इन्व्हर्टर

वर्षाराणी : हात लावू नका अजून. पोळेल. आत्ताच गाणं संपलंय त्याचं.

मल्लेश : पंखा तर फिरून राहिला की त्याचा.

वर्षाराणी : तापलंय म्हणून फिरतोय. तुमच्या डाळ मिलची मोटार नाही ही, थाप मारून बघायला. कम्प्युटरच्या ह्या लहान ग्राफिक्स कार्डाला हळदीच्या गाण्याचा व्हिडिओ बनवायला अकरा मिनिटं लागली. इन्व्हर्टरवर लोड किती दिसला?

मल्लेश : सत्तर टक्क्यांपर्यंत गेला.

वर्षाराणी : सत्तर? एवढा कसा? असो. लाईट परत यायच्या आत मोठं कार्डही लावून बघू. संध्याकाळी दुकानदाराला दोन्हीतलं एक परत द्यायचंय.

मल्लेश : लहानच ठेव ना मग. चाललं की चांगलं.

वर्षाराणी : चाललं म्हणे! एका गाण्याला अकरा मिनिटं, तर अख्ख्या लग्नाला किती? नांदेडच्या स्टुडिओला शनिवारी नमुना द्यायचाय. आवडला तर यंदाच्या सगळ्या लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग माझ्याकडं. आजवर इथल्या फोटोवाल्यांची बारशी जोडत बसले, तर मी ‘मल्लेशची बायको’. त्या स्टुडिओवाल्यानं ‘वर्षाराणी मॅडम आहेत का’ म्हणून फोन केला. मीच म्हणणार होते, राँग नंबर.

मल्लेश : पण मोठं लई खातं म्हणतेत.

वर्षाराणी : खातं, पण पंगतीतून लवकर उठतं. लहान आपलं चघळत बसतं. शेवटी युनिट दोघांची जवळपास सारखीच पडतात, मी हिशेब केलाय. फक्त एका दमात ओढतं जास्त. इन्व्हर्टरनं तेवढं पेललं की झालं. दुपारची लाईट तर रोज जाते, आणि मधेच बंद पडलं की पहिल्यापासून सुरू करा. धरा तो स्क्रू. खिशात नको, हातात धरा. मागच्या वेळचा धुण्यात सापडला होता.

मल्लेश : वर्षा, मी काय म्हणतो, आज राहू दे. उन्हाचं काहून एवढं...

वर्षाराणी : उन्हाचा काय संबंध? चला, लावलं. तुम्ही जिन्याखाली इन्व्हर्टरपाशी थांबा आणि आकडा सांगत राहा.

मल्लेश : ऐंशी... नव्वद... अगं, पंच्याण्णव! बंद कर, बंद कर!

वर्षाराणी : थांबा जरा, पाकळ्या उधळायची जागा आलीय, तिथं जोर लागतोच त्याला.

(इन्व्हर्टर किंचाळतो. घरातला पंखा थांबतो.)

वर्षाराणी : गेलं! नवरीच्या दुसऱ्या गालाला हळद लागायची राहिली.

मल्लेश : म्हटलं न्हाई तुला? कार्डच बेकार हाय. आण इकडं, डब्यात घालतो. आत्ताच देऊन येतो दुकानात.

वर्षाराणी : एवढ्या उन्हात? परवा कोथिंबीर आणा म्हटलं तर डोकं धरून बसला होता.

मल्लेश : ते येगळं.

वर्षाराणी : कार्ड बेकार नाही. कम्प्युटर आणि एक पंखा, बाकी काही चालू नाही. लहान कार्डाला पन्नास दिसायला पाहिजे होते, मोठ्याला ऐंशी. वरचे वीस कुठून आले? सरका. सगळी बटणं बंद करते. हं, इन्व्हर्टर चालू करा आता. काय दिसतंय?

मल्लेश : वीस.

वर्षाराणी : घरात एक दिवा चालू नाही आणि वीस!

मल्लेश : फ्रिज असंल.

वर्षाराणी : फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का आपला? लाईट गेली की बर्फाचं पाणी होतं, ते मीच पुसते. आणि ही कसली पिन इथं, पोत्यामागं?

मल्लेश : ती नको काढू.

वर्षाराणी : का?

मल्लेश : नको म्हणतो ना. वर्षा, ऐक माझं.

वर्षाराणी : काढली.

अंबिका : भाऊजी! ओ भाऊजी! कूलर बंद पडला की आमचा. पिन निसटली का बघता जरा?

वर्षाराणी : ही अंबिका ना? भिंतीपलीकडनं?

मल्लेश : हळू बोल.

वर्षाराणी : वाटणी झाल्यापासून तुमच्या भावाच्या घरात माझ्या हातचं चिमूटभर मीठ गेलं नाही, आणि तुम्ही अख्खा कूलर चालवताय?

मल्लेश : अक्षरासाठी गं. पोरीची डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा आली. पत्र्याखाली लाईट गेली की भट्टी होऊन राहती तिथं. पाय पाण्याच्या घमेल्यात घालून वाचत होती. बघवलं न्हाई. त्यांनी मागितली नव्हती, मीच दिली.

वर्षाराणी : मला सांगायला तोंड नव्हतं?

मल्लेश : सांगितलं असतं तर तू काय म्हणली असती?

वर्षाराणी : नाहीच म्हटलं असतं. ‘दिवसभर परक्या बायकांचे चेहरे बघत बसायचं, हे काय काम झालं’ असं चारचौघींत कोण बोललं होतं? त्याच कामाचं करंट तिच्या कूलरला!

अंबिका : भाऊजी, अक्का हायेत का तिथं? आवाज आल्यासारखा वाटला.

मल्लेश : न्हाई, न्हाई. ती... बाहेर गेली.

वर्षाराणी : मी इथंच आहे, अंबिका.

अंबिका : ...अक्का.

वर्षाराणी : बोल.

अंबिका : काही न्हाई. तुम्ही लाईन पाठवलीत त्या दिवसापासून यायचं म्हणून राहिले. पाय उचलत न्हाई. आपण काय काय बोललो ते आठवतं.

वर्षाराणी : मी पाठवली?

अंबिका : भाऊजी म्हणले ना. ‘तिनंच द्यायला लावली, पण तिला आभार मानलेलं आवडत न्हाई, तिच्याजवळ इषय काढू नका.’

वर्षाराणी : असं म्हणाले का.

मल्लेश : वर्षा...

वर्षाराणी : तुम्ही गप्प बसा.

अंबिका : अक्षरा रोज इचारती, मोठ्याईचं काम तर अडत न्हाई ना आपल्यामुळं? अडत असंल तर सांगा, अक्का. पोरगी काढील दिवस कसे तरी.

मल्लेश : वर्षा, पाया पडतो. मोठं कार्डच ठेव तू. मी सांगतो तिला काही तरी.

वर्षाराणी : अजून काही तरी सांगायचं शिल्लक आहे का तुमचं? माझ्याच नावानं वाटत सुटलेत! व्हा बाजूला, लावू द्या ती पिन परत. अंबिका, कूलर लागला का बघ.

अंबिका : लागला. हाव, लागला.

वर्षाराणी : काम अडत नाही माझं. अक्षराला सांग, वाच म्हणावं निवांत.

अंबिका : बरं. अक्का, मी येऊ का संध्याकाळी?

वर्षाराणी : ...ये की. दार उघडंच असतं.

मल्लेश : वर्षा. अगं, काम अडतंय की तुझं.

वर्षाराणी : माहितेय मला. मोठं कार्ड डब्यात घाला. नीट, पिशवीत गुंडाळून, त्याच्या पंख्याला बोट लावू नका.

मल्लेश : आणि नांदेडवाला?

वर्षाराणी : रोज पहाटे उठून बसेन लहानावर. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तो दुसरं कुणी बघेल, त्याला काय मीच एकटी आहे?

मल्लेश : चुकलं माझं.

वर्षाराणी : चुकलंच. जेवताना बोलेन तुमच्याशी, सावकाश. आता आधी सांगा, ती वायर नेलीय कुठून?

मल्लेश : भिंतीवरनं. वर कौलाचा तुकडा ठेवला, तुला दिसू नये म्हणून.

वर्षाराणी : उघड्या वायरवर कौल! पावसात करंट उतरला म्हणजे? येताना पाईप आणा आणि त्यातनं न्या.

मल्लेश : पाईप लावला तर सगळ्या गल्लीला दिसंल.

वर्षाराणी : दिसू द्या.