रूपीची सवत भंगारात

...नाही, वाचवा ना! सरकारचा पैसा वाचवा, मी कुठं नाही म्हणतो! पण तुम्हाला सांगतो, वाचवायचं म्हणून चांगलं धडधाकट विमान कोणी भंगारात काढतं का? किनाऱ्यावर पहारा करणारं विमान हो! अख्खी नोकरी या देवजीनं त्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून काढली. काय दिवस होते! वाढवणच्या होड्यांवरून ते खाली यायचं, होड्यांतली माणसं टोप्या हलवायची... आणि सुट्टीत मी कासाला घरी असलो की आमची रूपी नागलीच्या शेतातून वर बघून ओरडायची, "आली बघा माझी सवत! जा आता तिच्याकडंच!"

निवृत्त झालो. आणि परवा तळावरनं फोन... काटकसरीवाले साहेब आलेत, विमान निकामी ठरवायचंय, जुना मेकॅनिक पाहिजे. जीपला अर्धा आत अर्धा बाहेर लोंबकळत गेलो! कशाला? अहो, शेवटचं एकदा तिचं इंजिन ऐकायला!

बघतो तर विमानाला नवाकोरा रंग! म्हटलं, "साहेब, भंगाराला रंग?" साहेब नाकातून म्हणतात, "काका, रंग आधीच मंजूर होता. नाही लावला तर निधी परत जातो." घ्या! वाचवा, मी कुठं नाही म्हणतो! म्हटलं, एकदा चालू करू? "छे छे, इंधन वाया जाईल!" तेवढ्यात ऑफिसातल्या निलम मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, चालवून बघितल्याशिवाय निकामी म्हणता येत नाही, नियम आहे." देव भलं करो त्या बाईचं!

पाना घेतला, झाकणं उघडली, सगळं तपासलं, चढलो, बटण दाबलं... खर्र... खर्र... आणि इंजिन सुरू झालं की हो! तोच आवाज, बुडाखाली तीच थरथर! साहेबांची टोपी उडाली, कुठल्या कुठं गेली, आणि मी आत बसून लहान पोरासारखा रडतोय. म्हटलं, वाचली आपली बाय!

उतरलो, तर साहेब डोकं धरून बसलेले. "काका, काय केलंत हे? आता निकामी दाखवायचं कसं?" अहो, दाखवूच नका! उडवा! पण ऐकतंय कोण? साहेबांनी वर फोन लावला... "हो सर... चालतंय सर... नाही सर, चांगलंच चालतंय... सॉरी सर..." वरून काय मंत्र मिळाला कोण जाणे, चेहरा एकदम फुलला. मॅडमना म्हणाले, "लिहा. विमान उत्तम. परंतु त्याची देखभाल जाणणारा शेवटचा मेकॅनिक निवृत्त. सबब निकामी."

वाचवा हो, मी कुठं नाही म्हणतो... पण मी समोरच उभा होतो ना, हातात पाना घेऊन! म्हटलं, "साहेब, मी आहे की अजून! बोलवा, रोज येतो!"

"आहात ना काका? बरं झालं. साक्षीदार म्हणून इथं सही करा."

...केली.